सुमनच्या कोंबड्या काय खातात

या, अशा जवळ या. दाराशी उभं राहून ऐकायची ही गोष्ट न्हाई. आणि बसल्याबरोबर आधी माझी दोन बोलणी खाऊन घ्या. तुम्ही पुणं पाह्यलं, हैद्राबाद पाह्यलं, नागपूरला तर दरसाल जाता. पण आपल्याच जालना जिल्ह्याचं दुसरं टोक तुमच्यातल्या किती जणांनी पाह्यलं? वडीगोद्रीच्या सडकेवर उभं राहून दिवसभर सोलापूर-धुळ्याच्या गाड्या बघत बसता, पण अंबडची एसटी धरावी, जालन्यात उतरावं, भोकरदन गाठावं, तिथून पिंपळगाव रेणुकाई, एवढं काही तुमच्याच्यानं होत न्हाई. मी गुडघे धरून चालणारी बाई जाऊन आले. आता म्हणाल, आजी हौसेनं गेली. हौस कशाची? जळफळत गेले, न् खरं सांगायचं तर तशीच परत आले.

माझी धाकटी बहीण सुमन तिकडं पिंपळगावला दिलेली आहे. आणि माझ्या लेकीची लेक पल्लवी, तिचं पहिलं बाळंतपण. लेक-जावई पुण्यात दोन खोल्यांत राहतात, दोघंही नोकरीवर. म्हणून सगळ्यांच्या विचारानं ठरलं की बाळंतपण आजोळी करायचं. आजोळ म्हणजे माझं घर. मी डिंक आणला, खारीक फोडून ठेवली, हळीव निवडलं, म्हशीचं तूप बरणीत साठवलं. पल्लवी आली बी. दवाखान्यात म्हणाले, हिला रक्त कमी आहे, रोज अंडी खाऊ घाला. मी मनात म्हणलं, अंड्याला काय तोटा? दारात कोंबड्या फिरून राह्यल्या.

पण माझ्या कोंबडीचं अंडं काही पोरीच्या गळ्याखाली उतरंना. घास तोंडात घातला की उठून अंगणात पळायची. "आजी, कसंतरीच लागतं गं." मी म्हणलं, डोहाळ्यांचं असल. मंग चार दिवस हवापालट म्हणून ती सुमनकडं गेली, न् तिथून मला फोटो पाठवला. उकडलेल्या अंड्याच्या दोन फाका ताटलीत, न् आतला बलक पिवळा न्हाई, केशरी. विटकरीकडं झुकलेला केशरी. खाली लिहिलं होतं, आजी, रोज दोन खाते. मी इथंच राहू का गं बाळंतपणाला?

इथंच राहू का! लेकीला फोन केला तर ती म्हणते, "आई, खाऊ दे की तिला. काय बिघडलं?"

काय बिघडलं म्हणे. पणजी मी होणार न् पाळणा सुमनच्या घरात!

तुम्हाला म्हणून सांगते, हे आजचं न्हाई. लहानपणी आमची आई दोघींना एकाच वाटीतलं तेल लावायची, पण केस सुमनचे वाढले. दोघी एकाच शाळेत गेलो, पण गुरुजींच्या ध्यानात सुमन राह्यली. म्हातारपणी वाटलं, आता तरी बराबर झालं, दोघींचे दात सारखेच पडले. तर आता ही अंडी.

मी ठरवलं. जायचं, सुमनच्या कोंबड्या काय खातात ते डोळ्यानं बघायचं, विचारायचं मातर न्हाई, न् पोरीला घेऊन यायचं.

परतीच्या वाटेत पोरीच्या भाकरीवर घालायला तुपाची बरणी पिशवीत टाकली. पण सुमनकडं रिकाम्या हातानं कशी जाऊ? माझ्याच कोंबड्यांची अंडी आठ-दहा दिवस साठवली, स्टीलच्या डब्यात गव्हाचा कोंडा घालून त्यात रोवली. ही अंडी काही ऐरीगैरी न्हाईत बरं का. आपल्याकडं कापूस पिकतो, म्हणून घरोघर म्हशीला सरकीची पेंड. त्या पेंडीनं माझ्या म्हशीचं तूप असं रवाळ होतं की बोट बुडवलं तर बोट उभं राहावं. पल्लवी आली तेव्हापासून मी त्याच पेंडीतली भिजवलेली ओंजळ कोंबड्यांनाही टाकायला लागले होते. पोरीसाठी खास. जे म्हशीला मानवतं ते कोंबडीला का मानवू नये?

भोकरदनच्या वाटेवर

जालन्यापर्यंतचं काय सांगू, तुम्हाला ते पाठ आहे. त्याच मोसंबीच्या बागा न् तेच कापसाचे पट्टे. जालना सोडलं न् राजूर मागं टाकलं की मातर शिवार बदलतं. कापूस विरळ होतो. मका, सोयाबीन, मधेच अद्रकीचे वाफे, न् मिरची. मिरचीच मिरची. पोळा नुकताच झाला होता, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता. लांब अजिंठ्याच्या बाजूला डोंगराची निळी रेघ. आपल्याकडं नजर कुठंच अडत न्हाई, तिकडं अडती. मला ते बी आवडलं न्हाई. सुमनला खिडकीतून डोंगर दिसतो न् मला पेट्रोल पंप.

भोकरदनला जीपमध्ये बसले. डबा मांडीवर. रस्त्याला खड्डे, डायव्हरला घाई. एका आदळ्याला डब्यातून बारीक कडकड आवाज आला. थोड्या वेळानं शेजारचा टोपीवाला बाबा खाली बघून म्हणतो, "बाई, तुमच्या डब्यातून काय गळून राह्यलं?"

त्याच्या पायजम्यावर ओघळ. मी पदरानं पुसायला लागले.

"राहू द्या, राहू द्या," तो म्हणला. "तवा बी आणला असता तर उतरेपर्यंत आम्लेट झालं असतं."

"गाडी आदळली दादा, मी काय करू?"

"गाडी तर सगळ्यांचीच आदळली. ही बघा, माझ्या टोपलीत बी अंडीच हायत. एक फुटलं न्हाई." त्यानं फडकं बाजूला करून दाखवलं. खरंच एकबी फुटलं नव्हतं. "तुमच्या अंड्याचं टरफल कागदासारखं हाय, बाई."

"कुठलं गाव तुमचं?" मी विचारलं.

"पिंपळगाव."

मी तोंड दुसरीकडं फिरवलं न् गाव येईपर्यंत फिरवलेलंच ठेवलं.

सुमनचं घर

विहाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर. मी दारात पाय ठेवायच्या आत सुमन धावत आली. "जयभीम अक्का! कळवायचं तर होतं, ह्यांना भोकरदनला पाठवलं असतं." पाया पडली. वाकली तेव्हा बघितलं, केस अजून अर्धे काळे. मेंदी लावती म्हणावं तर रंग लालसर नव्हता. असो.

पल्लवी आतून आली. खोटं बोलून काय करू, पोरीच्या गालावर तजेला आला होता. माझ्याकडून गेली तेव्हा ओठ पांढरे होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला बी. पण आनंदाच्या बुडाशी काहीतरी करपल्यासारखं झालं.

न् अंगणात त्या कोंबड्या. तुरे असे लाल की आत्ताच कुंकवात बुडवून काढले, पिसं तेल लावल्यासारखी. चालायच्या बी तोऱ्यात. मला बघून एक कोंबडा जोरात आरवला. मला तो टोमणाच वाटला.

संध्याकाळी सुमननं अंड्याचं कालवण केलं. आपण ज्वारीची भाकर करतो, ती तिकडं कळण्याची करते, ज्वारीत उडीद मिसळून दळलेली. काळसर दिसती, पण खमंग लागती. कालवणात अंड्याच्या फाका तरंगत होत्या, फोटोतल्यापेक्षा लाल. मी खाल्लं. चांगलं होतं. चांगलं म्हणले मातर न्हाई.

"कसं झालंय अक्का?"

"मीठ जरा जास्त झालं."

सुमनचे मालक नामदेवराव मिशीतल्या मिशीत हसले. "अक्का, दुसरी वाटी देऊ का मिठाचा बराबर अंदाज घ्यायला?"

दिली. घेतली. संपवली बी.

बघायचं, विचारायचं न्हाई

सकाळी उजाडल्याबरोबर मी तोंड धुवायच्या निमित्तानं खुराड्याजवळ जाऊन उभी राह्यले. सुमन आली, भरडलेला मका टाकला. मका तर माझ्या घरी बी आहे. मंग शेवग्याचा पाला ओरबाडून टाकला. शेवगा काय, माझ्या बांधावर दोन झाडं आहेत. मंग एका थाळीत चुनखडीचा चुरा न् फुटक्या टरफलांची भुकटी ठेवली. कोंबड्या ते बी टोचू लागल्या. एवढंच. मला वाटलं, मी आहे म्हणून ही खरी गोष्ट लपवून राह्यली.

"अक्का, चूळ भरायला इथं कशाला? नळ तिकडं हाय."

"मला मोकळ्या हवेत बरं वाटतं."

"खुराड्याची हवा मोकळी?" ती हसली न् आत गेली.

मी विचारलं न्हाई. मोठी बहीण आहे मी. धाकटीला काय विचारायचं?

दुपारी सुमन म्हणली, "चल माझ्यासंगं, मिरचीचा बाजार दाखवते." पिंपळगावचा हा बाजार तुम्ही एकदा बघाच. नाकाला पदर लावून बघा, पण बघा. मोकळ्या मैदानात हिरव्या मिरचीचे ढीगच ढीग, एकेक ढीग माणसाएवढा उंच. ट्रक उभे, गोण्या शिवून राह्यलेत, हमालांची आरडाओरड. सगळी मिरची लांब परमुलखात जाती म्हणे. न् ढिगांभोवती बाया बसलेल्या, मिरची निवडत. सुमन बी त्यांच्यात जाऊन बसली. तिचं ते रोजचं काम आहे.

मी बसले न् शिंका सुरू झाल्या. थांबेचनात. डोळ्याला धार.

एक बाई म्हणली, "सुमनबाई, बहीण का तुझी? आमच्या बाजाराला बघून रडून राह्यली!"

"कापसाच्या गावची हाय ती," सुमन म्हणली. "तिला मऊ हवेची सवय."

"मंग इथं ठेव चार महिने. नाक मोकळं होऊन जाईल."

सगळ्या हसल्या. न् मंग त्या सगळ्या सुमनचंच सांगायला लागल्या. सुमनबाईनं हे केलं, सुमनबाईनं ते केलं, सुमनबाईच्या अंड्याला बाळंतिणीच्या घरून आधीच सांगावा येतो. मी शिंकत होते म्हणून बरं, चेहरा कुणाला नीट दिसला न्हाई.

निवडताना त्या लाल झालेल्या मिरच्या बाजूला टाकत होत्या. मी विचारलं, ह्या का काढता? त्या म्हणल्या, इथं हिरवीचाच सौदा. लाल झालेली वाटेत सडती, न् तिच्या नादानं आख्खी गोणी सडती. सुमननं त्यातल्या चांगल्या लाल-लाल वेचून पिशवी भरली. मला वाटलं, ठेच्याला घेतली असल.

घरी आलो. फाटक वाजलं तशा सगळ्या कोंबड्या पंख पसरून धावत आल्या. सुमननं ओट्यावर बसून विळीवर त्या लाल मिरच्या बारीक चिरल्या. न् टाकल्या की हो कोंबड्यांपुढं! त्या अशा तुटून पडल्या जशी काही गुळाची ढेप फोडली. बियांसकट, देठासकट.

मी ओरडले. "सुमे! हे खाऊ घालतेस?"

"हो. का गं?"

"मिरची? कोंबडीला मिरची न् ते अंडं पोटुशी पोरीला? पोरीच्या पोटात आग पडली म्हंजे? बाळाला उष्ण पडल, कळतं का तुला काही?"

खरं सांगते, मला राग आला होता पण त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. सापडली! बहिणीचा गुन्हा माझ्या हाताशी सापडला.

"पल्लवी! बॅग भर. उद्या सकाळी निघायचं."

पल्लवी दारात उभी, हात पोटावर. "आजी, मला तर कधी तिखट लागलं न्हाई गं."

"लागत नसतं लगेच. भर म्हणते ना!"

सुमननं विळी बाजूला ठेवली, हात धुतले. तिचं ते न बोलणं मला लहानपणापासून सोसत न्हाई.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. जनावराच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, सुमनच्या शेळीचं पोट फुगलं होतं ती बघायला आल्या होत्या. कमरेला ओढणी बांधलेली, पायात गमबूट. मला वाटलं, बरं झालं, साक्षीदारच आला.

"डॉक्टरीणबाई, तुम्हीच सांगा हिला. कोंबड्यांना मिरची घालती! न् ती अंडी गरवार पोरीला!"

त्या शेळीच्या पोटावर टिचकी मारत म्हणल्या, "मग रंग छान येत असेल."

"रंग येऊन काय करायचंय? तिखट न्हाई का उतरणार?"

"न्हाई उतरत, मावशी. पाखराच्या जिभेला मिरचीचं तिखट कळतच न्हाई. पोपट बघितला न्हाई का कधी मिरची खाताना? रंग तेवढा बलकात उतरतो. तिखटपणा न्हाई."

ऐकून मी जरा मागं सरले. पण हटले न्हाई. आत गेले, डबा आणला. जीपमध्ये वाचलेली अंडी त्यात होतीच. "असं होय? मंग ही बघा माझी अंडी. साधी, नितळ, बिनमिरचीची. सुमन, वाटी आण. बघू दे बाईंना, अंडं कसं असतं ते."

सुमननं वाटी आणली. मी स्वतःच्या हातानं अंडं फोडलं.

बलक हिरवा.

हिरवा म्हणजे पोपटी न्हाई हो. साचलेल्या पाण्यावर शेवाळ येतं, तसा काळपट हिरवा. न् भोवतालच्या पांढऱ्यात गुलाबीसर झाक. मी घाईघाईनं दुसरं फोडलं. तसंच. तिसरं फोडायला हात जाईना.

शेळी रवंथ करायला लागली. आवाज ऐकून आलेल्या नामदेवरावांनी वाटीत डोकावून बघितलं. "अक्का, आमच्या बाजारात हिरव्याचाच सौदा होतो. लगेच खपतील."

"तुम्ही गप बसा," सुमन त्यांच्यावर खेकसली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता, न् तो माझ्या बाजूनं चढला होता. ते मला आणखीच लागलं.

डॉक्टरीणबाईंनी वाटी हातात घेतली. "मावशी, कोंबड्यांना सरकीची पेंड घालता का?"

"मंग! शुद्ध. म्हशीच्या वाटणीची काढून."

"म्हशीला घाला. तिला चांगली, तूप घट्ट होतं. पण सरकीत एक पिवळं द्रव्य असतं, ते म्हशीला पोटात जिरवता येतं, कोंबडीला न्हाई. ते सरळ अंड्यात उतरतं. अंडं ताजं असताना रंगावरून कळत न्हाई, ठेवलं की असा रंग धरतं. हे कुणाला खायला देऊ नका, गरवार बाईला तर बिलकुल न्हाई. न् टरफल पातळ आहे, म्हणजे चुना कमी पडून राह्यला."

मला जीपमधला टोपीवाला आठवला. मेला बराबर बोलला होता.

पल्लवी म्हणली, "आजी, म्हणून तुझ्याकडं मला कसंतरी होत होतं का गं?" पोरीनं विचारलं सरळ मनानं. पण मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, न् घेताना सुमनला तिकडं आत पाठवावं म्हणजे तिला दिसायचं न्हाई.

जाताजाता डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मातर लाख मोलाची सांगितली. मी विचारलं, म्हंजे लाल बलकात ताकद जास्त असती का? त्या म्हणल्या, "रंगाची न् ताकदीची गाठ न्हाई, मावशी. मिरची घालून नुसता रंग येतो. ताकद येते ती मक्यानं, पाल्यानं, पेंडीनं, किड्यामुंग्या टोचून खाल्ल्यानं. भुईमुगाची पेंड घाला, चुनखडी घाला, सरकी बंद करा. तुमचं अंडंही ह्यांच्याएवढंच चांगलं होईल."

एवढं ऐकून मला जे गार वाटलं! मी सुमनकडं बघितलं. "ऐकलंस का? नुसता रंग."

"हो गं बाई," ती म्हणली. "पण रंग बघूनच पोरगी पहिला घास खाती ना?"

डॉक्टरीणबाई निघाल्या तशी मी त्यांच्या मागं गेले.

"न् सरकी बंद केल्यावर किती दिवसांनी अंडी सुधरतील?" मी फाटकापर्यंत जाऊन हळूच विचारलं.

"दोन-तीन आठवडे तर धराच. कधी जास्तही." बाईंनी पल्लवीच्या पोटाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. स्कूटी चालू केली.

निघायची सकाळ

पल्लवीला आठवा सरत आला होता. म्हणजे माझ्या कोंबड्या सुधरेपर्यंत पोर बाळंतपणाला टेकणार. हा हिशेब मला अंथरुणातून उठल्याबरोबर कळला होता, पण मी तो बाजूला सारून पातळ नेसले न् पिशवी भरली.

सुमन चुलीपाशी भाकरी थापत होती. माझ्या वाटेतल्या शिदोरीच्या. मी जवळ बसले.

"नेतेस का पोरीला?" ती तव्याकडं बघत म्हणली.

"ठरलं होतं तसं."

"ने. तुझाच हक्क हाय." भाकरी उलटली. "अक्का, एक बोलू? तुझ्या घरात किती बाळंतपणं झाली? तुझ्या लेकीची, सुनांची. अंगणात दुपटी वाळत घातलेली मी प्रत्येक वेळी येऊन बघितली. माझ्या दोन्ही सुना शहरात, तिकडंच बाळंत झाल्या, मला बाळ दाखवायला आणलं ते चालायला लागल्यावर. ह्या घरात अजून कोवळं पोर रडलं न्हाई. म्हणून मी पल्लवीला राहा म्हणले. अंडी-बिंडी काय, ते निमित्त."

एवढी वर्षं मी हिच्याकडं बघून जळले, न् ही माझ्या दोरीवरच्या दुपट्यांकडं बघून जळत होती! मला तिची दया यायला पाहिजे होती. आली बी, थोडी. पण त्याच्या आधी जे आलं ते वेगळं होतं. मला वाटलं, अरे वा, माझ्याकडं बी काहीतरी होतं तर!

पल्लवी बाहेर आली, बॅग हातात. केस विंचरलेले, चप्पल घातलेली. "आजी, भरली. तू म्हणशील तसं."

तिच्या ओठाच्या कोपऱ्याला केशरी बलकाचा कण लागला होता. सकाळची दोन्ही खाऊन झाली होती. मी माझ्या पदरानं तो पुसला. माझ्याकडं नेऊन मी हिला काय घालणार होते? म्हशीचं तूप, डिंक, हळीव, सगळं घातलं असतं. पण अंडं? दुसऱ्याच्या दारची मागून आणायची, न् ती खाईल का न्हाई ह्याची धास्ती. न् रक्त तसंच कमी राह्यलं तर? पाळणा माझ्या घरी पाहिजे म्हणून पोर धोक्यात घालू?

"राहा," मी म्हणले.

"आजी?"

"राहा म्हणले ना. चप्पल काढ, पाय सुजलेत."

शब्द तोंडातून गेला न् लगेच मागं घ्यावासा वाटला. सुमननं पिठाच्या हातानंच तोंड झाकलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. पिशवीतली तुपाची बरणी काढून तिच्यापुढं ठेवली. "हे पोरीच्या भाकरीवर घाल. तुझ्या म्हशीचं तूप पाण्यासारखं हाय, काल बघितलं मी."

"हाय खरं," ती म्हणली. "तुझ्यासारखं कधी जमलंच न्हाई मला."

हे ती मान खाली घालून बोलली. भोकरदनपर्यंत मला त्या एका वाक्यानं सोबत केली. राजूरच्या पुढं मातर परत पोटात दुखायला लागलं, कारण डोळ्यापुढं तिचं अंगण, न् त्यात वाळत घातलेली दुपटी.

आल्यावर

मन मोठं केलं म्हणून कुणी माझं कौतुक करू नका. मन आहे तेवढंच आहे. पोर सुमनच्या घरी झाली. हो, मुलगी. दोघी खुशाल. पल्लवीचं रक्त वाढलं होतं, काही अडचण आली न्हाई. फोन सुमनचा आला, पल्लवीचा न्हाई, लेकीचा न्हाई. "अक्का, मीच पहिली घेतली गं हातात!" मी म्हणले, बरं झालं. फोन ठेवला न् म्हशीचं शेण काढायला गेले. दोनदा काढलं.

मी सरकी बंद केली. भुईमुगाची पेंड, भरडलेला मका, शेवग्याचा पाला, चुनखडी, सगळं चालू केलं. न् मिरची? आता लपवून काय करू, ती बी घालते. मी निघताना सुमननं शिदोरीच्या तळाशी सुकवलेल्या लाल मिरच्यांची पुडी ठेवली होती, न सांगता. पहिल्यांदा राग आला. मंग चिरली न् टाकली. माझ्या कोंबड्या आधी बाजूला सरल्या, माझ्यासारख्याच आखडू. मंग एकीनं टोचली, न् बाकीच्या धावल्या. टरफल आता असं टणक झालंय की चुलीच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. न् बलक? बलकाचं मी तोंडानं सांगणार न्हाई, तुम्ही बघा.

म्हणून तर बोलावून राह्यले. सव्वा महिना झाला की पल्लवी बाळाला घेऊन माझ्याकडं येणार आहे. मी न्हाणी धुतली, पाळणा काढला, दोरी बांधली. तर काल कळलं, संगं सुमन बी येणार आहे. टोपलीभर अंडी घेऊन. येऊ दे, बहीण आहे माझी, दार काही लावून घेणार न्हाई. पण ती आली की गल्लीतल्या सगळ्या बाया तिच्याभोवती बसणार, न् मी चहा करणार.

तर तुम्ही त्याच्या आधी जेवायला या. ह्याच आठवड्यात या, जल्दी या. अंड्याचं कालवण करते, वर तूप सोडते, ज्वारीची भाकर. खा न् खरं काय ते सांगा. न् सुमन आल्यावर तिच्यासमोर परत एकदा सांगा, जरा मोठ्यानं.